गालिच्याला घातलेले टाके

हिनकलच्या घरात भिंतीच्या तळाची लाकडी पट्टी मी पांढरी रंगवायला घेतली, ती दुपार अजून डोळ्यांपुढे तरंगते. गालिचा भिंतीपर्यंत चिकटवलेला, आणि त्याच्या लवीवर चिकटपट्टी काही केल्या टिकेना. मी वैतागून ब्रश आपटला.

बाबांचा जन्म शिंपीकामात गेलेला. "सुम्ने, उगाच कशाला चिडतोस," म्हणत त्यांनी जुनी चादर गालिच्याच्या कडेवर अंथरली, सुईत दोरा तेवढा माझ्याकडून ओवून घेतला आणि मांडी घालून कच्चे टाके घालत भिंतीलगत सरकू लागले. मागून मी रंगवत गेलो. जमिनीवर ऊन, रंगाचा वास, सुईची संथ ये-जा. खोली पाण्यावर असल्यासारखी वाटत होती.

शेवटच्या कोपऱ्यात बाबा उठायला गेले, पण त्यांना उठता येईना. चादरीबरोबर त्यांचं धोतरही गालिच्याला शिवलं गेलं होतं. मी हसलो. ते हसले नाहीत.

"वर्षभर बोटांनीच शिवतोय रे, डोळ्यांना दिसतंय कुठे," ते हळूच म्हणाले.

मी टाके उसवायला बसलो. सगळे एका मापाचे होते. म्हणून तर आम्हांला काही कळलं नव्हतं.