पेट्रोलचा घोट

पंपावरच्या पेट्रोलचा वास आला की मला अजून मळमळतं. त्र्याहत्तर साली, नवी नवरी असताना, सासऱ्यांच्या जुन्या मोटारीतून भावाच्या लग्नाला वडूजला निघाले आणि कोरेगावातच मोटार बंद पडली. मेस्त्रीने फिल्टर उघडला तर आत शेंबडासारखा तांबडा गाळ, आणि पेट्रोलची नळी गंजून चाळण झालेली. दोन्ही बदलून तो म्हणाला, "नळीत हवा भरलीया, आता तोंडानं पेट्रोल वडाय पायजे." तो तोंडातली तंबाखू थुंकेपर्यंत, "अक्षता चुकतील की माझ्या!" म्हणत मी शहाणीनेच नळी तोंडात धरून ओढली आणि टाकीतला गंजकट घोट थेट घशात गेला. अक्षता सापडल्या, पण मांडवाच्या दारातच मी भडाभडा ओकले. आत्या ओरडली, "आगं बया, गोड बातमी हाय व्हय?" मी लाजून मान खाली घातली आणि आठ दिवस माहेरच्या कैऱ्या खाल्ल्या. तेव्हाच्या माझ्यातल्या त्या लबाड पोरीच्या आज थोबाडीत द्यावीशी वाटते.