पेटीतले एक्केचाळीस फेटे

नादार व्हायलासुद्धा पैसे लागतात, हे मला साताऱ्याच्या वकिलांनी शिकवलं. अर्जाला तिकीट, वकिलांची फी, कारकुनाचा चहा, वर्तमानपत्रातल्या नोटिशीचा खर्च, आणि कराडहून साताऱ्याला दोघांचं एस.टी.चं भाडं वेगळंच. मी वकिलांना म्हटलं, एवढं आमच्याजवळ असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो? वकील हसले. आमचे हे हसले नाहीत. यांनी कोटाच्या आतल्या खिशातून चार घड्या घातलेली शंभराची नोट काढून टेबलावर ठेवली. ती नोट यांच्याजवळ आहे हे मला ठाऊकच नव्हतं, म्हणून परतीच्या गाडीत कराड येईपर्यंत मी यांच्याशी बोलले नाही.

कराडात आमचं कापडाचं दुकान होतं. दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. कृष्णाकाठी जिकडंतिकडं ऊस, आणि ऊस आला की लग्नं दणक्यात. लग्नाचं सगळं कापड एकाच दुकानातून एका दिवसात घ्यायचं, त्याला आमच्याकडं बस्ता म्हणतात. बैलगाड्या भरून, पुढंपुढं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, दोन्हीकडची तीस-चाळीस माणसं सकाळीच दुकानात शिरायची. नवरीचा शालू, नवऱ्याचा कोट, आत्याबाईचं लुगडं, करवल्यांची परकर-पोलकी, ऐनवेळी कोण रुसेल त्याच्यासाठी जास्तीची दोन लुगडी, आणि सगळ्यात शेवटी मानकऱ्यांचे फेटे. दिवसभर चहा आमचा, दुपारचं जेवण आमचं, आणि ते रांधायचं मी. संध्याकाळी बिल झालं की घरातला कर्ता माणूस यांच्या खांद्यावर हात टाकून म्हणायचा, ऊस गेला की देतो.

ऊस जायचा, कारखान्याचं बिलही निघायचं. मग विहिरीवर नवी मोटार बसायची, सोप्यात शहाबादी फरशी यायची, थोरल्याला फटफटी यायची. आणि वर्षभरात त्याच घरातलं पुढचं लग्न निघायचं. मागचं आणि हे मिळून एकदम देतो, असं म्हणत पुन्हा चाळीस माणसं माझ्या पिठल्या-भाकरीवर बसायची. आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय, ही म्हण मी लहानपणी ऐकली होती. लग्नानंतर मला त्यातलं जातंही दिसलं.

आमचे हे उधारी का मागत नव्हते, ते सांगते. ज्यांचा बस्ता आमच्याकडं, त्यांच्या लग्नाचं यांना मानाचं बोलावणं असायचं. पुढच्या रांगेत खुर्ची, आणि अक्षता पडायच्या आधी डोक्याला फेटा. फेटा आमच्याच दुकानातला, आमच्याच बिलातला, पैसे न दिलेला. तो बांधताना हे असे हसायचे की नवरदेव यांच्यापुढं फिका पडावा. मांडवात पैसे मागायचे नसतात, आणि फेटा बांधून घेतल्यावर तर नाहीच नाही. घरी आले की हे फेट्याची घडी घालायचे, मोत्यासारख्या अक्षरात चिठ्ठी लिहायचे, गाव कुठलं, घर कुणाचं, लग्न कुणाचं, आणि टाचणीने फेट्याला लावून तो लोखंडी पेटीत ठेवायचे. डांबराच्या गोळ्या टाकायला विसरायचे नाहीत. उधारीच्या वहीला मात्र कसर लागली होती.

तर देणं झालं होतं बावीस हजार. बहुतेक सगळं सांगलीच्या एका घाऊक पेढीचं. तिथून माल यायचा आणि त्यांच्याजवळ यांच्या सहीचे कागद होते. त्यांचा माणूस आठवड्यातून दोनदा येऊन दुकानाच्या पायरीवर बसू लागला. काही बोलायचा नाही, नुसता बसायचा. त्या बसण्यानं यांचं जेवण तुटलं. म्हणून कुणीतरी सुचवलं आणि आम्ही साताऱ्याला गेलो. कोर्टानं एकदा नादार, म्हणजे देणं फेडायला असमर्थ, ठरवलं की कुणी पायरीवर बसू शकत नाही, असं यांना कळलं होतं. खोटं कशाला सांगू, मलाही ते ऐकून बरं वाटलं होतं.

पण बावीस हजारातले तीन हजार वेगळे होते. ते शेजारच्या गावच्या एका मावशीचे. मावशी नात्याची नव्हे, गिऱ्हाईक. तिचा नवरा पलटणीत होता, तो सरहद्दीवर कामी आला आणि सरकारनं तिला काही रक्कम दिली. ती तिनं मुलीच्या लग्नासाठी म्हणून आमच्याकडं ठेव ठेवली. बँकेत का नाही ठेवत, असं मी तिला विचारलं होतं. तर म्हणाली की बँकेतला साहेब दर खेपेला नवा असतो, तुमचं दुकान कुठं जातंय? कागद केला नव्हता, कारण तिनं मागितला नव्हता आणि यांना सुचला नव्हता. आता तिच्या पोरीचं लग्न वैशाखात ठरलं होतं.

साताऱ्याच्या वकिलांनी तीन याद्या मागितल्या. देणं किती, येणं किती, आणि घरात-दुकानात काय काय आहे. मावशीचं नाव आल्यावर त्यांनी लेखणी थांबवली. सांगलीवाल्यांजवळ कागद आहेत, म्हणाले, या बाईंजवळ काही नाही. कोर्टानं मानलंच तर रुपयाला चार आणे पडतील. मग आवाज उतरवून, अगदी आपुलकीनं म्हणाले, "नाव नाही लिहिलं तरी चालण्यासारखं आहे."

हे नुसते टेबलाकडं बघत राहिले. त्याच वेळी तोंड उघडायला हवं होतं, पण मीसुद्धा गप्प बसले, आणि ते मला आजही टोचतं. पुढच्या आठवड्यात सोमवारी अर्ज द्यायचं ठरलं. आमच्या हातात आठ दिवस होते.

घरी आल्यावर मी मालमत्तेची यादी करायला बसले, कारण सातवी पास मीही होते. पितळी हंडा, दोन घागरी, शिलाईचं मशीन, लाकडी खाट. माझे दागिने लिहायचा प्रश्न नव्हता, ते आधीच सांगलीला पोचले होते. हे एकेक वस्तू सांगत होते आणि मी लिहीत होते. मग मी पेटी उघडली आणि लिहिलं, फेटे. यांनी माझा हात धरला.

"फेटं लिवायचं न्हाईत. त्यो माझा मान हाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हंडा लिहिला, ज्यात मी पंधरा वर्षं पाणी तापवलं, तेव्हा यांचा हात हलला नाही. मावशीचं नाव गाळायची गोष्ट निघाली तेव्हा हलला नाही. मी म्हटलं, "मावशीचं पैसं बुडाल्यावर ह्यो मान कुठल्या खुंटीला टांगायचा, त्येवडं सांगा." हे भिंतीकडं तोंड करून झोपले. मी पेटी रिकामी केली आणि फेटे मोजले. एक्केचाळीस निघाले. मग यांच्याच चिठ्ठ्या वहीशी ताडून पाहिल्या. चौतीस फेटे अशा घरांचे होते, ज्यांनी लग्नाच्या कापडाचा छदाम दिला नव्हता. माझ्या नवऱ्यानं हौसेनं ठेवलेल्या त्या चिठ्ठ्या त्याच्या वहीपेक्षा चोख होत्या.

आहेर परत करणं म्हणजे आमच्याकडं संबंध तोडणं. भांडण कितीही होऊ दे, अंगावर घातलेलं कापड कुणी माघारी नेऊन देत नाही. हे मला पक्कं माहीत होतं, आणि माहीत होतं म्हणूनच मी सकाळी दहा फेटे गाठोड्यात बांधले आणि नदीपलीकडची गाडी धरली.

पहिलं घर सगळ्यात मोठ्या बागायतदाराचं. तीन लग्नं, तिन्ही उधार. सोप्यात सात-आठ माणसं चहा घेत बसली होती. मला पाहून बागायतदारांनी आत जायला सांगितलं, घरात बायका आहेत म्हणाले. मी आत गेले नाही. बरोबर आणलेल्या ताटलीत कुंकू, सुपारी आणि त्यांचा गुलाबी फेटा ठेवला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं बोलले.

"दाजी, आमाला कोर्टात जिनसांची यादी द्यायची हाय. ह्यो फेटा तुमी आमच्या मालकास्नी बांधला, पर त्येचं पैसं अजून आमच्याच वहीत हायत. मग ह्यो आमचा का तुमचा, येवडं सांगा, म्हंजी वकिलास्नी लिवाय बरं."

दाजींचं तोंड फेट्याच्याच रंगाचं झालं. ते उठून आत गेले आणि अर्धे पैसे घेऊन आले. उरलेले चार दिवसांत मुलाच्या हाती पाठवतो म्हणाले, आणि पाठवलेही. फेटा मात्र त्यांनी ठेवून घेतला आणि मला दारापर्यंत सोडायला कुणी आलं नाही. मी पैसे पदरात बांधले. मला लाज वाटली, आणि आनंदही झाला.

सगळीकडं असं झालं नाही, कुणाचा गैरसमज नको. एक जण मला बांधावरून येताना पाहून उसात शिरला आणि मी परत जाईपर्यंत बाहेर आला नाही. दुसऱ्यानं फेटा हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि म्हणाला की बरं झालं वैनी, परवा भाच्याचं लग्न हाय, एक कमीच पडत हुता. दमडी दिली नाही. उलट माझ्याकडं आणखी दोन आहेत का, म्हणून विचारलं. मी संध्याकाळी घरी येऊन हे सांगितलं असतं तर हे हसले असते, पण आमचं बोलणं बंद होतं. पेटी खाली होत चालली होती आणि यांना ते दिसत होतं. हे पेटीकडं पाठ करून जेवायचे.

पाचव्या दिवशी सकाळी बघते तर उरलेल्या फेट्यांचं गाठोडं सायकलच्या कॅरिअरला बांधून हे दारात उभे. मला वाटलं, आता हे सगळं नदीत सोडून येणार. यांनी वर न बघता सांगितलं, "आज त्या मळ्यावर जायचं न्हवं? थितलं कुत्रं चावरं हाय. मी येतो संगं." मळ्यावर गेल्यावर हे टोपी हातात घेऊन नुसते माझ्या मागं उभे राहिले. त्या दिवशी सगळ्यात जास्त वसुली झाली.

शनिवारी मावशीचे तीन हजार पुरे झाले. मी पंचांग पाहिलं नाही, वकिलांना विचारलं नाही, दुपारच्या गाडीनं गेले आणि तिच्या पदरात पैसे घातले. काय झालं, काय होणार होतं, सगळं सांगितलं. तिनं पैसे मोजले नाहीत. मला गूळ-शेंगदाणे दिले आणि एवढंच विचारलं की दादा जेवत्यात का? यांना ती दादाच म्हणायची.

सोमवारी साताऱ्याला गेलो तर वकिलांनी कपाळावर हात मारला. एकाच घेणेकऱ्याला आधी पुरे पैसे देऊन मग लगेच नादारीचा अर्ज केला, तर कोर्ट ते पैसे तिच्याकडून परत मागवू शकतं, म्हणाले. आता अर्ज करायचा तर निदान तीन महिने थांबा. तीन महिने सांगलीचा माणूस पायरीवर बसून राहिला असता. आमचे हे उठले, वकिलांना नमस्कार केला आणि म्हणाले की मग ऱ्हाऊ द्या. एवढ्या मोठ्या गोष्टीचा निकाल असा लागला. शंभराची नोट वकिलांनी परत दिली नाही, सल्ला तर दिलाच होता ना.

पुढचं थोडक्यात. बाकीची वसुली सांगलीला भरली. हे स्वतः पेढीवर गेले आणि दुकानातला उरलेला माल आणि पेटीतले उरलेले फेटे घ्या, राहिलेलं फेडायला मला कामावर घ्या, असं म्हणाले. पेढीवाल्यांनी घेतलं. सांगलीत एका खोलीत आम्ही संसार मांडला. आठ वर्षं हे परक्याच्या गादीवर बसून बस्ते बांधत होते आणि पगारातून दर महिन्याला हप्ता कापून देत होते. यांच्याइतकं गोड बोलून शालू दाखवणारं त्या पेठेत कुणी नव्हतं, असं सगळे म्हणायचे. वसुलीला मात्र यांना कधी पाठवलं नाही.

आणि बोलावणी थांबली. सांगलीला आलो त्या पहिल्याच उन्हाळ्यात कृष्णाकाठी इतकी लग्नं झाली, आमच्या दारात एकही पत्रिका आली नाही. हे संध्याकाळी घरी आले की टपाल आलं का विचारायचे आणि मी नाही म्हणायची. यांचं काय तुटतंय ते मला कळत होतं. ते मीच तोडलं होतं, आणि पुन्हा वेळ आली असती तर पुन्हा तोडलं असतं, तरी मला वाईट वाटायचं.

शेवटी एकच पत्रिका आली, मावशीची. हे जायला तयार नव्हते. आपल्याकडं कोण बघणार, म्हणाले. मी ओढून नेलं. आम्ही मागं, पाण्याच्या पिंपाजवळ बसलो. मावशी विधवा, म्हणून चालीप्रमाणं ती मांडवाच्या कडेलाच होती, पुढं सगळं तिचा भाऊ करत होता. अक्षतांच्या जरा आधी तीच मागं आली, भावाला बरोबर घेऊन. तिच्या हातात फेटा होता, आमच्या बंद दुकानाच्या समोरच्या दुकानातला. यांच्या मांडीवर तिनं तो ठेवला आणि म्हणाली, "दादा, रोखीनं घेटलाय."

भाऊ फेटा बांधू लागला. एक्केचाळीस फेटे हसत बांधून घेतलेला माझा नवरा भर मांडवात लहान पोरासारखा रडला. मीही रडले, लपवायचं कशाला?

सांगलीला खोलीवर आल्यावर यांनी घडी घातली आणि चिठ्ठी लिहायला बसले. गाव, घर, लग्न कुणाचं. मग जरा थांबून, वहीत फिटलेल्या बिलाखाली लिहितात तसा, खाली एक शब्द वाढवला आणि टाचणी लावली. हे जाऊन आता बरीच वर्षं झाली. पेटी माझ्याकडं आहे आणि तिच्यात तो एकच फेटा आहे. त्याच्या चिठ्ठीवर शेवटी यांच्या अक्षरात 'चुकते' असं लिहिलेलं आहे.