पितराचं पान

राजेगावच्या देवेंद्रच्या घरी दर अक्षय तृतीयेला एका पुरुषाला पितर म्हणून पानावर बसवत. ते जेवण जंगल तोडून वावर काढणाऱ्या खापरपणज्याचं. नाव मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. ते शोधायला देवेंद्र यंदा बालाघाटच्या कचेरीत गेला. जुन्या जनगणनेत नावंच नव्हती, नुसती डोकी मोजलेली. जमिनीच्या कागदात मात्र त्या वावराची पहिली कास्तकार निघाली भागरथा, बेवा, म्हणजे विधवा. शेऱ्यात लिहिलं होतं, जंगल तिनंच तोडलं.

तो घरी आला. आई दुर्गाबाई सुपात तांदूळ निवडत होती. सगळं सांगून त्यानं विचारलं, “मंग इतकी वर्षं आपण जेवाले घातलं कोणाले?”

दुर्गाबाईनं सूप खाली ठेवलं. “कोणाले का असंना, तो जेवला. बाई उपाशीच राह्यली.”