शितानं चिकटवलेली चिठ्ठी

ती घटना आठवते असं मी म्हणणार नाही. आठवायला आधी विसरावं लागतं, आणि ते मला जमलेलं नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, वैनगंगेच्या पुरातून फुगलेली प्रेतं माणसं लावून काढली आणि घरी येऊन जेवलोही. ही एक केस मात्र ताटावर बसलं की समोर येते. गावाचं, माणसांचं नाव लिहीत नाही. भंडारा जिल्ह्यातलं हायवेवरचं एक ठाणं, आणीबाणी उठून चार-पाच वर्षं झालेली, आणि मी तिथला ठाणेदार, एवढं पुरे.

ठाण्याच्या मागेच आमची क्वार्टर्स होती. पहिलं माझं, तिसरं एका हवालदाराचं. हवालदार अड्याळकडचा, पन्नाशीला टेकलेला. त्याचं अक्षर इतकं सुरेख, की बयान कोणाचंही असो, लिहायला त्यालाच बसवायचो. कोर्टातले वकीलसुद्धा विचारायचे, हे कोणाचं अक्षर म्हणून. आदल्या वर्षी त्याची बायको काविळीनं गेली. मागे एकच मुलगी राहिली, सोळा वर्षांची, दहावीला बसलेली.

बायको गेल्यावर महिन्याभरातच तो माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. "साहेब, मले रातची गस्त देत जा जी. घरात थांबलो का तिचीच खाट दिसते. डोळा लागत नाही."

मी दिली. पुढंही देत गेलो. माणूस कामात बुडाला की दुःख हलकं होतं, असं मी तेव्हा मोठ्या शहाणपणानं सगळ्यांना सांगायचो. शहाणपण कसलं, डोंबल!

मुलगी अर्धा दिवस आमच्याच घरी असायची. आम्हाला मूलबाळ नाही. माझ्या बायकोचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं आणि तो विषय कायमचा संपला. मुलगी तिला काकू म्हणायची. दोघी मिळून तांदूळ निवडायच्या आणि खोखो हसायच्या. मी घरात आलो की गप्प व्हायच्या, कारण बहुधा मलाच हसत असायच्या.

मार्च महिना होता. दहावीचे पेपर चालू होते. त्या दिवशी सकाळी सहाला हवालदार गस्तीवरून परतला आणि पाच मिनिटांत त्याची हाक ऐकू आली. हाक कसली, नुसता आवाज. मी बनियनवरच धावलो. मुलगी खाटेवर कुशीवर झोपलेली होती. हात लावला आणि मला कळलं. अशा वेळी पोलिसाला बापापेक्षा आधी कळतं, हा या नोकरीचा एक शापच आहे.

मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल केला. पंच बोलावले, पंचनामा केला. उशीच्या खोळीत झोपेच्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या निघाल्या, एक-दोन नाही, चांगल्या मूठभर. पंचांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दुपारपर्यंत गावभर झालं, की पोरीनं जीव दिला. कोणी म्हणे पोराची भानगड, कोणी म्हणे त्याहून वाईट. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी तसं काही नसल्याचं स्पष्ट लिहून दिलं, पण गावाला डॉक्टरचा कागद कोण दाखवणार? व्हिसेरा तपासणीसाठी नागपूरला पाठवला.

तेरवी होण्याआधीच हवालदार वर्दी घालून ठाण्यात आला. मी म्हटलं, रजेवर जा. गेला नाही. माझ्या खोलीच्या खिडकीबाहेर एक बाक होता, त्यावर बसून राहिला.

"साहेब, मले दोनच गोष्टी पायजे," तो म्हणाला. "गोळ्या तिले कोनं देल्ल्या? अन् तिनं मुद्दाम केलं काय? तिची माय गेली तं तिले देवानं नेलं. हे पोट्टी मले सोडून स्वताहून गेली काय, तेवढं सांगा. मंग मी कायी इचारनार नाही."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "देणाऱ्याला मी सोडत नाही." हे वाक्य मी वर्दीत, टोपी घालून बोललो. आता लिहितानाही लाज वाटते.

खबर लवकरच आली. बसस्टँडवरचा एक पानठेलेवाला आमचा जुना खबऱ्या होता. तो म्हणाला, बाजारातला म्हातारा औषधवाला ट्रक ड्रायव्हरांना गुपचूप गोळ्या देतो. लाखनीकडच्या ढाब्यांवर जागरणाच्या गोळ्या चालतात हे आम्हाला माहीत होतंच, त्यात झोपेच्याही चालत असतील असं मी धरून चाललो. झालं! मला माझा गुन्हेगार मिळाला. दुकानाची झडती घेतली, वह्या आणल्या, म्हाताऱ्याला ठाण्यात आणून बसवलं.

सत्तरीला आलेला, धोतर-टोपीतला माणूस. तीन पिढ्यांची दुकानदारी. तशाच गोळ्यांच्या पट्ट्या त्याच्या कपाटात सापडल्या.

"मुलीला गोळ्या तूच दिल्या?"

"हो जी, मीच."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

यावर म्हातारा खाली पाहायचा. एक दिवस गेला, दुसरा गेला. संध्याकाळी घरी सोडायचो आणि सकाळी पुन्हा बोलवायचो. दुसऱ्या दिवशी मी त्याला थोबाडीत मारली. टोपी उडून पडली. ती त्यानं उचलली, झटकली, डोक्यावर ठेवली आणि पुन्हा खाली पाहत बसला. त्या गप्प राहण्याला मी त्या वेळी निगरगट्टपणा समजलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी पद्धत बदलली. वर्षानुवर्षांच्या चौकशीत एक गोष्ट मी शिकलो होतो. घाबरलेला माणूस नाव सांगत नाही, पण वस्तू कशी होती ते सांगतो. मी त्याला चहा पाजला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "बुवा, चिठ्ठी तरी पाहिली होती का डॉक्टरची?"

"चिठ्ठीबिगर मी कोनाले देत नाही जी."

"कशी होती चिठ्ठी?"

"जुनी होती. फाटू नये म्हनून पुठ्ठ्यावर चिपकवली होती, क्यालेंडरच्या. भाताच्या शितानं. एका कोपऱ्याले मुंग्याईनं खाल्ली होती."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. तो पुठ्ठा मी कितीतरी दिवस रोज पाहिला होता. माझ्याच स्वयंपाकघरात, खिळ्याला टांगलेला. ऑपरेशननंतर माझ्या बायकोची झोप गेली, तेव्हा भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी गोळ्या लिहून दिल्या होत्या. थोड्या दिवसांची ती चिठ्ठी आम्ही दोन वर्षं चालवली. घडी घालून घालून फाटायला आली, तेव्हा त्या मुलीनंच ताटातली चार शितं घेऊन ती पुठ्ठ्यावर डकवली होती. मी पाटावर बसून जेवत होतो आणि म्हणालोही होतो, "वा! आता ही चिठ्ठी मला पेन्शन मिळेपर्यंत टिकते."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण मी शाळेत शिकलो होतो. तिचा अर्थ मला त्या खोलीत कळला.

"तारीख पाहिली नाही तुम्ही?" मी विचारलं. तोंडातून 'तुम्ही' आपोआप निघालं.

"साहेब, ठाण्याच्या मानसाले तारीख कोन इचारते? इचारायची आमची काय टाप! ठानेदार साहेबाच्या घरचं पाहिजे म्हनली का मी देऊन टाकत होतो. मंग मंग लवकर लवकर येऊन राहिली होती. माह्या मनात आलतं, बाईसाहेबाची तब्येत बिघडली दिसते. पन कसं इचारू?"

"मग तीन दिवस बोलला का नाहीत?"

"तुमच्या घरच्या बाईमानसाचं नाव ठाण्यात चारचौघात कसं घेऊ जी? बरं दिसते काय?"

ज्या माणसाला मी मारलं, तो माझीच अब्रू सांभाळत मार खात होता. बाजूची खिडकी उघडी होती. बाहेरच्या बाकावर हवालदार बसलेला होता. त्यानं मान वळवली नाही. पण तो पुठ्ठा त्यालाही माहीत होता. माझ्या बायकोच्या गोळ्या त्यानंही कितीदा आणून दिल्या होत्या.

मी घरी गेलो. खिळा रिकामा होता.

"चिठ्ठी कुठं आहे?"

"हल्ली पोरीकडंच असते ना ती. तिची आई गेल्यापासून गोळ्या तीच आणायची," बायको म्हणाली आणि माझं तोंड पाहून तिला काय ते कळलं. मग तिनं सांगितलं. आई गेल्यावर मुलीला झोप येत नव्हती. डोळे सुजवून यायची. एक दिवस हिनं स्वतःच्या पट्टीतली अर्धी गोळी दिली. "मी माया केली हो! अर्धीच दिली. दुसऱ्या दिवशी इतकी टवटवीत होऊन आली, म्हणाली, काकू, किती दिवसांनी झोपले. मग मी आणखी दोनदा-तीनदा दिली. पुढं तिनं मागितलीच नाही, मला वाटलं बरी झाली."

बरी झाली नव्हती. तिच्या हाती चिठ्ठी होती. उशीतल्या पट्ट्या एका रात्रीच्या नव्हत्या, महिनोन्महिने साठलेल्या होत्या.

ती चिठ्ठी मुलीच्या भूगोलाच्या पुस्तकात निघाली. मी ती जप्त करताना शिपाई दुसरीकडे पाहत होते. खरं सांगतो, ती फाडून टाकावी असं माझ्या मनात आलं होतं. कोणी विचारलं नसतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, एवढाच एक वाईटपणा आला असता. बायकोनं मला वाचवलं. ती म्हणाली, "त्या म्हाताऱ्यानं मार खाऊन माझं नाव घेतलं नाही. आता मी तरी घ्यायला नको? चला, लिहून घ्या माझं बयान."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ठाण्यात आली, डोक्यावर पदर घेऊन. लिहिणारा दुसरा जमादार कोर्टात गेला होता. मी स्वतः कागद पुढे ओढला, तेवढ्यात बाकावरून हवालदार उठून आत आला, नेहमीच्या जागी बसला आणि त्यानं टाक उचलला. नियमानं मी त्याला उठवायला हवं होतं. मला ते धाडस झालं नाही.

"बोला बाईसाहेब," तो म्हणाला.

ती बोलत गेली आणि तो लिहीत गेला. अर्धी गोळी दिल्याचं लिहिलं. चिठ्ठी तिच्याकडं राहत असल्याचं लिहिलं. मग बायको म्हणाली, "आदल्या संध्याकाळी ती माझ्याकडं आली होती. म्हणाली, काकू, उद्या गणिताचा पेपर आहे, आज झोप लागलीच पाहिजे. पहाटे पाचला मला आवाज द्या."

टाक थांबला. "आवाज द्या म्हनली?"

"हो भाऊ. पाचला मी खिडकीशी गेले. दोनदा हाक मारली. उठली नाही. मला वाटलं, झोपू दे बिचारीला थोडं. पेपर अकराला आहे."

हवालदाराच्या छातीतून एक श्वास सुटला. "म्हंजे मुद्दाम नाही केलं तिनं," तो म्हणाला, आमच्याकडं न पाहता. "उठाचं होतं तिले." आठ दिवसांत पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते त्यानं बाहीनं पुसलं आणि शिस्तीप्रमाणे पुढचा प्रश्न विचारला. बयानात तो प्रश्न लागतोच. "तिले झोप काहून येत नोहती, ते सांगतलं होतं काय तिनं तुमाले?"

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. ते कारण तिनं मला आदल्या रात्री सांगितलं होतं. मी मान हलवून नको म्हणालो. पण ती खरं बोलायला आली होती.

"रात्री क्वार्टरात एकटीला भीती वाटते म्हणायची. बाबा गस्तीवर असतात, परत येईपर्यंत जागीच राहते. तुम्हाला सांगते म्हटलं, तर पाया पडली. म्हणाली, बाबाले नका सांगू, घरी राहिले तर माय आठवते त्याइले."

ते त्यानं लिहिलं. ठाण्याच्या भाषेत, त्या सुरेख अक्षरात, एकही खाडाखोड न करता: 'वडील रात्रगस्तीवर असल्याने सदर मुलीस घरी एकटीस भीती वाटून झोप येत नसे.' मग नियमाप्रमाणे सगळं बयान पहिल्या ओळीपासून वाचून दाखवलं. त्या ओळीवरही तो थांबला नाही. शेवटी 'वाचून दाखविले, माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे' असं लिहून त्यानं कागद सहीसाठी बायकोपुढं सरकवला.

मर्गाचा निकाल अपघाती मृत्यू असा लागला. नागपूरच्या रिपोर्टात तिच्या पोटात काय होतं ते आलं होतं. काहून होतं, ते कुठल्याच रिपोर्टात येत नाही. औषधवाल्यावर जुन्या चिठ्ठीबद्दल खात्याची कारवाई झाली, आणि मी त्याची माफी मागायला गेलो तर त्यानंच उठून मला खुर्ची दिली. माझ्या बायकोनं त्यानंतर आयुष्यात झोपेची गोळी घेतली नाही. ती झोपतही नाही.

या केसनं मला काय शिकवलं, असं तरुण अधिकारी विचारतात. दुसऱ्याला दिलेली औषधाची गोळी माया नसते, हे शिकवलं. वर्दीच्या भीतीनं कोणी तारीख विचारेनासं झालं, की त्याची किंमत वर्दीवाल्याच्याच घरी वसूल होते, हेही शिकवलं. पण खरं सांगू का? हे सगळं शिकून काय उपयोग? ज्या मुलीसाठी शिकायचं होतं, ती गेली.

बयान झालं त्याच दिवशी संध्याकाळच्या हजेरीला मी गस्तीची नावं वाचत होतो. सवयीनं त्याचं नाव वाचलं. रांगेतून तो एक पाऊल पुढं आला, सॅल्यूट केला आणि म्हणाला, "साहेब, यापुढं मले रातची गस्त नका देऊ जी. मले घरी थांबाचं आहे."

घरी आता कोणी नव्हतं. मी त्याचं नाव खोडलं.