मोटर वर थांबेना!

मंडळींनो, आज डोकं उठलं.

उद्या विसर्जन, आणि आपल्या मंडळाच्या जुन्या बोटीची मोटर वर उचलली की पाच मिनिटांत हळूहळू खाली बसते. काठाला पाणी उथळ. पंखा दगडाला लागला की बोट कामातून गेली!

मंडळातला पोरगा सुधाकर म्हणे, "काका, मोटर उचलणारा तेलाचा पंप गेला." आम्ही तेल बदललं, हवा काढली, पाइप पुसून गळती शोधली. तीन तास गेले, मोटर आपली खालीच.

मी नोकरीला होतो तो प्लांट उभा होत होता तेव्हा मला तेलाच्या दाबावर चालणाऱ्या जॅकचं काम शिकवणारे मिस्त्री काही खोलण्याआधी एकच विचारत, "शेवटचा हात कोनाचा लागला?" तेच मी सुधाकरला दरडावून विचारलं.

तेवढ्यात डबा घेऊन आलेली आमची ही म्हणाली, "कावून ओरडून राहिले त्याच्यावर? काल बॅटरी उतरली म्हनून मोटर खाली कराले बाजूचा स्क्रू तुमीच तं ढिला केला. मोठ्या तोऱ्यात सांगत होते मले!"

स्क्रू घट्ट केला, तसं त्यातून तेल परत सरकायचं थांबलं. मोटर वर गेली, ती तिथेच थांबली.

सुधाकर गालात हसत जेवला. मी त्याला लोणचं वाढलं.

शेवटचा हात आपलाच निघाला, तर तुम्ही माफी कशी मागता हो?