अरुंधती दिसली का?
मंगळवारी माझी पत्नी गेली. फोटोला घातलेल्या मोगऱ्याच्या वासाने मला त्रेपन्न सालच्या वैशाखातली आमच्या लग्नाची संध्याकाळ आठवली. मुलुंडला घरासमोरच्या अंगणात गुरुजींनी सप्तर्षींकडे बोट दाखवून आम्हाला विचारलं, "अरुंधती दिसली का?" नवरीला शोभत नाही म्हणून तिच्या मावशीने तिचा चष्मा काढून ठेवला होता. "नाही दिसली," ती म्हणाली. "दिसली म्हणायचं असतं गं," मावशी पुटपुटली. मी हळूच तिला सांगितलं, "तो उजेड तिथून निघाला तेव्हा आपले आजोबा रांगत होते." "मग इतक्या लांबून आलेल्याशी खोटं कसं बोलू? मावशी, चष्मा दे माझा." चष्मा लावून ती कितीतरी वेळ वर बघत राहिली, आणि मी तिच्याकडे. आता मुलुंडच्या दिव्यांमुळे अरुंधती दिसत नाही. संध्याकाळी मी गॅलरीत एकटा उभा राहतो.