एक स्टार आणि टॉवेल-टोपी

आमच्या खानावळीला एक स्टार मिळाला, तेव्हा मला आधी आनंदच झाला होता. मुलगी नोकरीला पुण्यात असते. तिचा फोन आला, "पप्पा, आपल्याला कुणीतरी एक स्टार दिलाय."

मी म्हटलं, "देऊ दे की. आज एक दिला, उद्या दोन देतील."

मग तिने मला पाचापैकी एक म्हणजे काय, ते लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं.

लेण्याद्रीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची खानावळ आहे. बायको रांधते. मी गल्ल्यावर बसतो आणि स्वतःला मालक समजतो. मोबाईलच्या नकाशावर खानावळ टाकायची कल्पना मुलीची. लोक गणपतीला येतात, लेणी बघतात, पायऱ्या उतरून भुकेले होतात आणि मोबाईल त्यांना आमच्या दारात आणून सोडतो, असा सगळा सुखाचा मामला होता. आणि आता हे.

"मासवडीला चव नाही. मालक तिरसट." एवढंच लिहिलेलं. लिहिणाऱ्याचं नाव नाही. नावाच्या जागी दोन इंग्रजी अक्षरं, फोटोच्या जागी जास्वंदीचं फूल.

आम्ही नवरा-बायकोने ते वाक्य भाकरीसारखं अर्धं-अर्धं वाटून घेतलं. तिने चव घेतली, मी तिरसट. मी दिवसभर आरशासमोरून जाताना थांबून बघत होतो. तिरसट कुठून दिसतो मी? भुवया जरा दाट आहेत, कबूल. पण त्या वडिलांच्या आहेत.

माझं सोडा, तिचं मात्र अवघड झालं. मासवडी हे तिचं खास काम. बेसनाचं घट्ट पीठ हाटायचं, गरम असतानाच ओल्या फडक्यावर थापायचं, वर तीळ-खोबरं-लसणाचं सारण पसरायचं आणि फडक्यासकट गुंडाळी करून वड्या कापायच्या. इतकी वर्षं हे ती बोलता-बोलता करायची. आता हात थांबायला लागला. दूधवाल्याला म्हणे, "भाऊ, चाखून सांगा." गॅसची टाकी आणणाऱ्यालाही तेच. मला तर दिवसातून पाच वेळा. मी "झकास" म्हटलं की म्हणायची, "तुमाला काय, तुमाला कायबी झकास." आणि "मीठ कमी आहे का जरा?" म्हटलं की डोळ्यांत पाणी.

एका सकाळी तिने फडकं धुऊन दोरीवर टाकलं आणि म्हणाली, "आजपासून मासवडी बंद." बाहेरच्या पाटीवर सगळ्यात मोठ्या अक्षरांत मासवडीच रंगवलेली. ती वाचून लोक आत येत, वांग्याची भाजी आहे म्हटल्यावर माझ्याकडे बघत, आणि मग बहुतेक मी खरोखरच तिरसट दिसत असणार.

मुलीने फोनवर समजूत घातली. "मम्मी, काही लोक सगळ्यांनाच नावं ठेवतात. मनावर घ्यायचं नसतं. थांब, मी बघते त्याने आणखी कुणाकुणाला एक स्टार दिलाय." बघितलं, तर त्याच जास्वंदीने एका पंक्चरवाल्याला पाच स्टार दिलेले. खाली लिहिलेलं, "फार प्रेमळ माणूस."

"पंक्चरवाल्याला पाच?" बायको म्हणाली, आणि फोन माझ्या हातात देऊन आत गेली.

तेव्हा मला मामा आठवले. मामा म्हणजे बायकोचे सख्खे मामा, पिंपरी पेंढारला असतात. नावं ठेवण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात नाही. आमच्या लग्नात त्यांनी जिलबी चिवट ठरवली. मुलीच्या बारशाला पाळण्यात डोकावून म्हणाले, "नाक बापावर गेलंय. आता काय इलाज." आणि गंमत अशी की बायको दर वेळी खदखदून हसायची. मामा म्हशीशीसुद्धा असंच बोलतात, म्हणायची.

हेच मामा काही दिवसांपूर्वी खानावळीत आले होते. मासवडी खाल्ली, हात धुतला, चहाला नको म्हणाले आणि गेले. एक शब्द वाकडा नाही.

मी बायकोला म्हटलं, "मामांनी नाव ठेवलं नाही. म्हणजे नक्की रागात होते. इथे बोलले नाहीत आणि घरी जाऊन लिहिलं."

तिला पटलं. खरं तर दोघांनाही ते पटवून घ्यायचं होतं. लिहिणारा घरचाच निघाला तर काय करायचं ते माहीत असतं. आमच्याकडे रुसलेल्या पाहुण्याचा रुसवा काढायची रीत आहे. त्याच्या घरी जायचं, टॉवेल-टोपी करायची, नारळ द्यायचा, आणि कशाबद्दल ते मुळीच उच्चारायचं नाही. उच्चारलं की भांडण नव्याने सुरू होतं. जास्वंदीच्या फुलाला टोपी कुठून घालणार?

आम्ही मोटारसायकलवर पिंपरी पेंढारला गेलो. मामा ओट्यावर कांदे निवडत बसले होते. "आलात? वाट चुकला का काय?"

मी काही न बोलता त्यांना टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, बायकोने नारळ हातात दिला. "मामा, झालं गेलं पोटात घाला."

मामांनी टोपी सारखी केली. "उशिरा का व्हईना, आलात."

मी बायकोकडे विजयाने पाहिलं. गुन्हा कबूल!

मामा पुढे म्हणाले, "पन मी म्हनतो, मानसाला तोंडानं सांगायचं सोडून त्या मोबाईलवर कशापायी टाकायचं?"

"तेच म्हणतो मी, मामा! तोंडावर बोलायचं!"

"मोबाईलवर टाकलं की झाले मोकळे. ही काय रीत झाली?"

"अजिबात नाही!"

असं आमचं बराच वेळ एकमत होत राहिलं. शेवटी बायकोच म्हणाली, "मामा, तुमी नेमकं कशाचं बोलताय?"

"तुमच्या वास्तुशांतीचं. साऱ्या गोताला मोबाईलवर कार्ड. आन् माझ्याकडं हे." त्यांनी छातीच्या खिशातून रबर लावलेला बटणांचा फोन काढला. "ह्याच्यात कुठनं येनार कार्ड? मामाला बोलावनं न्हाई. तरी खानावळीत येऊन बसलो, म्हनलं आता तरी कुनी कायतरी बोलंल. जावई पावणं आपले गल्ल्यावर."

परत येताना बायको मागून म्हणाली, "म्हंजी जो रुसला व्हता त्याचं आपल्याला कळलंच न्हाई. आन् ज्यानं लिवलं त्यो रुसलाय का, ते बी ठाव न्हाई."



रविवारी मामा हजर. डोक्याला आमचीच टोपी. रुसवा निघाला की येऊन जेवायचं असतं, तीही रीतच. बसले आणि म्हणाले, "आन मासवडी."

"मामा, मासवडी बंद केलीय."

"मग टोपी कशाला घातली?"

मी आतल्या दाराकडे पाहिलं. आतून डबे उघडल्याचा आवाज आला, मग तीळ भाजल्याचा वास. तेवढ्या वेळात मामांनी पंख्याला, खुर्चीला आणि मी निवडलेल्या भिंतीच्या रंगाला नावं ठेवून घेतली.

ताट आलं. मामांनी वडी मोडली. "सारण कोरडं झालंय. लसूण घातलाय का नुसता दाखवलाय?"

बायको हातात पळी घेऊनच बाहेर आली. "कोरडं हाय तर चौथी वडी कशी गेली, मामा?"

"रस्सा बरा हाय म्हनून."

"रस्साबी मीच केलाय."

"त्येच म्हनतो, ह्ये कसं बरं झालं!"

ती हसली. कित्येक दिवसांनी, बारशातल्यासारखी. शेजारच्या टेबलावरच्या पाहुण्यांनी विचारलं, हे काय आहे, आम्हालाही द्या. तिने दुसरी गुंडाळी कापायला घेतली, आणि माझ्याकडे चाखायला काहीच आलं नाही.

मामांनी या वेळी चहा घेतला. जाताना गल्ल्यापाशी थांबले. "पावणं, एक सांगू? तुमी हितं बसून जेवनाऱ्याच्या तोंडाकडं आसं बघता, घास गिळवत न्हाई. जरा तिरसटच दिसता राव."

आत पळी पडल्याचा आवाज आला, आणि बायकोचं हसू.

आता माझी पंचाईत अशी आहे की शब्द तोच आहे. जास्वंदीने लिहिला तर अपमान आणि मामा बोलले तर माया, असं धरायचं, तर मी आहे कसा, ते कुणाला विचारायचं? तूर्त मी जेवणाऱ्यांकडे बघणं सोडलंय. समोरच्या भिंतीकडे बघत बसतो. परवाच मासवडीवर ताव मारून एक गिऱ्हाईक गल्ल्याशी आलं आणि हळूच म्हणालं, "जेवण एक नंबर होतं मालक. पण तुम्हाला कशाचा राग आलाय का?"